पलटणींतून कादंबरीकडे

पनवेलच्या खाडीपासून दक्षिणेस जो किनारा पसरला आहे, त्याला शिपाईगिरी कांहीं नवी नाहीं. १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत व आतां रायगड म्हणतात, त्याच जिल्ह्यांत, अलिबागेस, कान्होजी आंग्रे यांची समाधि आहे. त्याच जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं जुलै १९४४ मध्यें इटलीच्या रणांगणावर एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून जाऊन प्राण वेंचले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस संपादन केला. असे वीर महाराष्ट्रानें पुष्कळ दिले. परंतु पलटणींत जें पाहिलें आणि सोसलें, तें कथा-कादंबरींत उतरविणारे लेखक मात्र थोडेच निपजले. पहिल्या महायुद्धांत डॉक्टर म्हणून गेलेले कॅप्टन गो. गं. लिमये यांच्यासारखें एकादें नांव चटकन् आठवतें. पुढचीं नांवें आठवण्यास स्मरणशक्तीला ताण द्यावा लागतो.

या थोड्यांत लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगांवकर यांची गणना अवश्य केली पाहिजे. त्यांनीं लिहिलें तें इंग्रजींत. म्हणून मराठी घरांत त्यांच्या नांवाचा उच्चार व्हावा तितका होत नाहीं. पण त्यांचें पहिलें पुस्तक याच किनाऱ्याचें आहे. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक म्हणजे कान्होजी आंग्र्यांचें चरित्र. इंग्रजांच्या दप्तरांत कान्होजी हा चांचा होता. १७२१ मध्यें इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली व ती फसली, तरी त्यांच्या लेखी तो चांचाच राहिला. इंग्रजी राजवटींत सैन्याची नोकरी केलेल्या माळगांवकरांनीं त्याच कान्होजीस, इंग्रजी भाषेंतच, ‘मराठ्यांचा आरमारप्रमुख’ म्हणून मथळ्यांत मान दिला.

माळगांवकरांचा जन्म १२ जुलै १९१३ चा. त्यांचे आजोबा देवास संस्थानचे दिवाण होते. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर हा तरुण लेखणीकडे वळला नाहीं. तो जंगलांत शिरला आणि कांहीं काळ शिकार हाच त्याचा व्यवसाय झाला. पुढें छावणी खात्यांत सरकारी नोकरी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत मराठा लाइट इन्फन्ट्रींत प्रवेश झाला. १९५२ सालीं त्यांनीं सैन्य सोडलें, तें लिहिण्यासाठीं मात्र नव्हे. बेळगांवच्या पलीकडे, लोंढ्याजवळच्या रानांत, जगलबेट येथें त्यांनीं खाणीचा धंदा केला, मग शेती केली. लोकसभेची निवडणूकहि लढवून पाहिली. तींत यश आलें नाहीं. पहिली कादंबरी ‘डिस्टंट ड्रम’ १९६० मध्यें बाहेर पडली, तेव्हां पलटण सोडून आठ वर्षें लोटलीं होतीं आणि लेखकाचें वय सत्तेचाळीसच्या घरांत होतें.

हा विलंब विचार करण्याजोगा आहे. युद्ध पाहिलें कीं लेखक होतां येतें, अशी एक समजूत असते. वस्तुतः युद्धानें शिपायास हकीकती मिळतात. कादंबरी मिळत नाहीं. कादंबरीला लागतो न सुटलेला प्रश्न, आणि तो प्रश्न माळगांवकरांच्या पिढीपुढें टाकला १९४७ सालानें. त्या वर्षीं देशाबरोबर सैन्याचीहि वांटणी झाली. एका भोजनगृहांत वर्षानुवर्षें जेवलेले अधिकारी दोन देशांचे झाले. आज्ञा पाळणें हाच ज्याचा धर्म, त्याची आज्ञा देणारी सत्ताच एका रात्रींत बदलली तर निष्ठा ठेवावयाची कोणावर? राष्ट्रावर, पलटणीवर, कीं बाजूला उभ्या असलेल्या मित्रावर?

‘डिस्टंट ड्रम’ मध्यें हाच प्रश्न उघडपणें उभा आहे. किरण गरुड हा कल्पित सातपुडा रेजिमेंटचा अधिकारी. अब्दुल जमाल हा त्याचा त्याच पलटणींतील मित्र. फाळणीनंतर अब्दुल पाकिस्तानच्या सैन्यांत जातो, आणि काश्मिरांत दोघे मित्र परस्परांसमोर शत्रु म्हणून येतात. पलटणीनें शिकविलेला सभ्यपणा आणि राष्ट्रानें मागितलेलें वैर यांची तेथें गांठ पडते. मेजवान्या, बदल्या, वरिष्ठांची मर्जी, दुय्यमांचा अभिमान, असें सैन्यांतील दैनंदिन जीवन लेखक जाणत्या हातानें रेखाटतो. बढाई मात्र कोठें मारीत नाहीं.

पुढच्या कादंबऱ्यांत गणवेश मागें पडला, प्रश्न तोच राहिला. ‘दि प्रिन्सेस’ (१९६३) मध्यें संस्थानाचें विलीनीकरण न सोसणारा महाराजा आणि काळाचीं पावलें ओळखणारा त्याचा मुलगा अभयराज आहेत; येथें देवासच्या दिवाणाचा नातू लेखकाच्या मदतीस आला असेल, तर नवल नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं देवासच्या पवार घराण्याचा इतिहासहि प्रसिद्ध केला. ‘अ बेंड इन दि गँजेस’ (१९६४) मध्यें ज्ञान तलवार अहिंसेची शपथ घेतो आणि भावाच्या खुनाचा सूड म्हणून स्वतःच खून करतो. सशस्त्र क्रांतीवर विश्वास ठेवणारा देवीदयाल आणि तो, दोघेहि अंदमानास जातात, आणि कथा फाळणीच्या वणव्यांत जाऊन संपते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनीं त्या वर्षांतील तीन उत्कृष्ट कादंबऱ्यांत तिची गणना केली. हे फॉर्स्टर १९२१ सालीं देवासच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. ‘दि डेव्हिल्स विंड’ (१९७२) मध्यें तर नानासाहेब पेशवे स्वतःच्याच तोंडून आपली कहाणी सांगतात.

या सर्वांत सैनिकानें लेखकास काय दिलें? शौर्याची कथा दिली असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें दिली नेमकेपणाची संवय, आणि शत्रूकडे माणूस म्हणून पाहण्याचें धाडस. ज्यानें हिंसा हाताळली आहे, तो तिचा जयजयकार करीत नाहीं आणि तिच्याकडे पाठहि फिरवीत नाहीं. शिकारी म्हणून जंगलांत शिरलेले माळगांवकर पुढें वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे पुरस्कर्ते झाले, हेंहि त्याच वृत्तीचें द्योतक होय. १४ जून २०१० रोजीं, शहाण्णव वर्षांचे असतां, ते निवर्तले.

रायगड जिल्ह्यांत आणि घाटावरहि निवृत्त सैनिकांचीं घरें पुष्कळ आहेत. त्या घरांतील मुलें वडीलधाऱ्यांस बहुधा एवढेंच विचारतात कीं, ‘लढाई कशी झाली?’ त्याचें उत्तर चार वाक्यांत संपतें. ‘त्या वेळीं तुमच्या शेजारीं कोण होतें, आणि आज तो कोठें आहे?’ असें विचारून पाहावें. यशवंत घाडगे यांना कोणी असें विचारावें, तेवढें आयुष्य त्यांना लाभलें नाहीं. ज्यांना तें लाभलें आहे, त्यांच्यापाशीं बसून, घाई न करितां, ऐकणारा माणूस हवा. कादंबरी कदाचित् त्यांतून लिहिली जाणार नाहीं. पण मराठींत ज्याची उणीव आहे, त्यांतलें कांहीं तरी कागदावर खात्रीनें उतरेल.