अणुद्रव्याचा हिशेब : घरचा आणि बाहेरचा



एखादे राष्ट्र आंतरराष्ट्रीय नियामक संघटनेतून बाहेर पडले, म्हणजे त्या संघटनेकडे सोपविलेले काम त्याला स्वतःच्या शिरावर घ्यावे लागते. हे काम अणुद्रव्यावरील देखरेखीचे असेल, तर त्याला निराळेच गांभीर्य येते. ब्रिटनने अलीकडच्या काळात हा अनुभव घेतला. त्याचे स्वरूप आणि त्यातून निघणारा बोध आपणापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एका संज्ञेचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. 'सुरक्षा' या एकाच शब्दाखाली आपण तीन भिन्न गोष्टी एकत्र करतो. अणुभट्टीत अपघात होऊ नये ही पहिली. चोराने वा घातपात्याने आत शिरू नये ही दुसरी. नागरी उपयोगाचे युरेनियम वा प्लुटोनियम गुपचूप अस्त्रांकडे वळविले जाऊ नये ही तिसरी. या तिसरीलाच जगात 'सेफगार्ड्‌ज' म्हणतात; येथे मी तिला 'अणुनिगराणी' म्हणेन. पहिल्या दोहोंत संशय यंत्रावर किंवा परक्यावर असतो. तिसरीत तो खुद्द राज्यसंस्थेवर असतो. सर्व अडचणींचे मूळ या भेदात आहे.

अणुनिगराणीचा पाया म्हणजे हिशेब. कारखान्यात किती द्रव्य आले, किती गेले, शिल्लक किती, याची नोंद ठेवावयाची. ठरावीक काळाने साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करावयाची. आणि मोहोरबंद कुलपे व कॅमेरे यांच्या साहाय्याने मधल्या काळावर नजर ठेवावयाची. एका अण्वस्त्रास पुरेसे ठरू शकेल असे प्लुटोनियमचे प्रमाण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ८ किलो मानले आहे. ब्रिटनमध्ये सेलाफील्ड येथे सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम साठलेले आहे. एवढ्या साठ्याच्या हिशेबात दहा हजारांत एका भागाची जरी तफावत पडली, तरी ती १४ किलोंची होते.

हा हिशेब केवळ कागदी नसतो, याचे उदाहरण सेलाफील्डच्याच इतिहासात सापडते. तेथील 'थॉर्प' नावाच्या पुनःप्रक्रिया कारखान्यात एक नळी फुटून अतिकिरणोत्सारी द्राव जाड भिंतींच्या बंद कक्षात महिनोन्‌महिने गळत होता. त्या कक्षात मनुष्याला प्रवेश नव्हता. २००५ साली आलेल्या व गेलेल्या द्रव्याच्या आकड्यांचा मेळ बसेना, तेव्हा संशय बळावला. कॅमेरा आत सोडण्यात आला आणि एप्रिलमध्ये गळती उघडकीस आली. तोवर सुमारे ८३ घनमीटर द्राव साचला होता व त्यात सुमारे १६० किलो प्लुटोनियम होते. द्राव कक्षाबाहेर गेला नव्हता आणि तो पुढे परत मिळविण्यात आला. जे डोळ्यांना दिसले नाही, ते अखेर हिशेबाच्या वहीने दाखविले.

ब्रिटनमधील ही वही तपासण्याचे काम जवळजवळ अर्धशतक युराटोमकडे होते. युरोपीय राष्ट्रांचा हा अणुऊर्जा समुदाय १९५७ च्या रोम येथील कराराने जन्मास आला आणि ब्रिटन त्यात १९७३ साली सामील झाले. ब्रिटिश कारखान्यांचे हिशेब समुदायाकडे जात आणि समुदायाचे निरीक्षक कारखान्यांत येत. किंबहुना विशेष विखंडनशील द्रव्याची कायदेशीर मालकीही समुदायाचीच मानली जाई.

जून २०१६ मध्ये ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. मतपत्रिकेवर युराटोमचे नाव नव्हते. परंतु २९ मार्च २०१७ रोजी सरकारने जी सूचना दिली, तीत युराटोममधूनही निघण्याचा उल्लेख होता. तेथून काळाशी शर्यत सुरू झाली.

कायदा करणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग ठरला. जून २०१८ मध्ये अणुनिगराणीचा कायदा संमत झाला आणि पुढील वर्षी त्याखालील नियम तयार झाले. काम 'ऑफिस फॉर न्यूक्लिअर रेग्युलेशन' या नियामक संस्थेकडे सोपविण्यात आले. परंतु कायद्याच्या कलमातून निरीक्षक निर्माण होत नाहीत. ते निवडावे लागले, शिकवावे लागले. कारखान्यांकडून येणारे हिशेब स्वीकारून ते आंतरराष्ट्रीय संस्थेकडे पाठविणारी माहितीयंत्रणा नव्याने उभारावी लागली. ब्रिटिश कारखान्यांत बसविलेली समुदायाची उपकरणे मोबदला देऊन ब्रिटनकडे घेण्याचे ठरले.

याखेरीज परराष्ट्रांशी करार होतेच. अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यानुसार विशिष्ट सहकार्य करार नसेल, तर त्या देशातून अणुइंधन वा अणुभट्टी निर्यात करता येत नाही. हाच तो आपल्याकडे '१२३ करार' म्हणून परिचित झालेला प्रकार. म्हणून ब्रिटनला अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्याशी २०१८ मध्ये नवे करार करावे लागले. निगराणीवर इतरांचा विश्वास नसेल, तर व्यापारच थांबतो, हे यावरून दिसेल. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. संक्रमणकाळ संपून त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या रात्री राष्ट्रीय व्यवस्था अमलात आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रिटन हे अण्वस्त्रप्रसार प्रतिबंधक करारान्वये मान्यता पावलेले अण्वस्त्रधारी राष्ट्र आहे. अशी राष्ट्रे आपली नागरी केंद्रे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीस स्वेच्छेने खुली करतात आणि संस्था त्यांपैकी मोजकीच केंद्रे निवडते. ब्रिटनने त्या संस्थेशी नवा करार जून २०१८ मध्ये व्हिएन्नात केला. पण ही मर्यादा कायमच राहिली. पूर्वी संस्थेने न निवडलेल्या केंद्रांतही युराटोमचा, म्हणजे परका, निरीक्षक येत असे. आता तेथे येणारा निरीक्षक स्वदेशीच आहे. त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि आपल्याच घरची वही आपणच तपासल्यावर शेजाऱ्याने ती का मानावी, हा प्रश्न व्यक्तीच्या सचोटीने सुटत नाही. त्यासाठी नियामक संस्था मंत्रालयापासून आणि वीज निर्माण करणाऱ्यांपासून स्वतंत्र असावी लागते.

राष्ट्रीय व्यवस्था आणि बाहेरचा डोळा यांत विरोध आहे, असे मात्र नव्हे. ब्राझील व अर्जेंटिना ही एके काळची प्रतिस्पर्धी राष्ट्रे. त्यांनी १९९१ साली संयुक्त हिशेबसंस्था स्थापन केली. तीत ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनाची केंद्रे तपासतात आणि अर्जेंटिनाचे निरीक्षक ब्राझीलची. संशयालाच त्यांनी पद्धतशीर रूप दिले आणि त्यातून विश्वास उभा केला.

आपल्या देशालाही हा विषय नवा नाही. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय निगराणीची अट प्रथमपासून होती. पुढे २००६ मध्ये आपण नागरी व लष्करी केंद्रे वेगळी करण्याची योजना जाहीर केली आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेशी निगराणीचा करार केला. आपण प्रतिबंधक करारात नाही. आपला मार्ग ब्रिटनहून भिन्न आहे. तरीही बाहेरच्या निरीक्षकाला दार उघडण्यापूर्वी घरचा हिशेब चोख असावा लागतो, हा नियम दोघांनाही सारखाच लागू पडतो.

सार्वभौमत्व म्हणजे कोणीही आपला हिशेब मागू नये असा अधिकार, अशी समजूत अनेकदा आढळते. अणुद्रव्याच्या बाबतीत ती टिकत नाही. येथे सार्वभौम राष्ट्राची प्रतिष्ठा उत्तम हिशेब ठेवण्यात आणि तो दुसऱ्यास निःसंकोचपणे दाखविण्यात आहे. संघटनेचे सभासदत्व सोडता येते. हे उत्तरदायित्व सोडता येत नाही.