मन लावून काम
(वाई येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात नोकरी मिळविण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. नोकरी देणाऱ्याच्या कर्तव्याविषयी मात्र क्वचितच. आज आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत, वखारींत व कारखान्यांत चार माणसे कामास आहेत, आणि "माणसे मन लावून काम करीत नाहीत" ही तक्रार सर्वांच्या तोंडी आहे. तिचा विचार करण्यास शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे उदाहरण उपयोगी पडेल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांच्या हक्काची बढती डावलून ती एका युरेशियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. पगार चालू होता. दुखावला होता तो स्वाभिमान. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन त्यांना दिली, आणि सन १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली. लक्ष्मणरावांनी त्या वसाहतीत अस्पृश्यतेस थारा दिला नाही. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीचा पहारा सोपविला. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हते, त्यांच्याच हाती रक्षणाचे काम आले.

त्याच सुमारास, १९११ साली, अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीस लागणारा वेळ मोजावा आणि कामाच्या मानाने दाम द्यावा, असे त्यांचे शास्त्र. पुढे १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी असे प्रतिपादन केले की, अपुरे वेतन व वाईट वागणूक यांमुळे असंतोष उपजतो. परंतु ती दूर केल्याने केवळ असंतोष शमतो. खरी उमेद येते ती जबाबदारी, कर्तृत्वास वाव आणि केलेल्या कामाची कदर यांमुळे. या मतावर आक्षेपही घेतले गेले आहेत; तथापि किर्लोस्करवाडीचा अनुभव त्याच दिशेने बोट दाखवितो.

मात्र यातून कोणी सोयीचा अर्थ काढू नये. वेतनात काटकसर करून पाठीवर थाप मारणे म्हणजे उमेद देणे नव्हे. ती फसवणूक होय. आधी पुरे दाम, मग मान.

आता एक कटू बोल. गल्ल्याची किल्ली आपण ज्ञातीच्या माणसाकडे देतो आणि पोती उचलण्यास दुसऱ्यास बोलावितो. दहा वर्षे इमानाने राबलेल्या त्या माणसाला आपली पायरी कायमची ठरली आहे हे कळते, आणि मग तो अंग राखून काम करतो. यात त्याचा दोष कोणता? बढती डावलली गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. ज्यास तीही सोय नाही, तो मन काढून घेतो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे की, आपल्या पदरी असलेल्या माणसांपैकी लायक कोण, हे यंदा जात न विचारता पाहावे व त्याच्यावर जबाबदारी सोपवावी. ज्ञातीचे हित त्यातच आहे.