धुक्यातल्या गडाची धनीण

आज एका गडावर जाऊ या. हा गड आपल्या सह्याद्रीतला नाही, पार जपानातला आहे. मीही तिथे गेलेली नाही. जे वाचलं, फोटोंत पाहिलं, तेच सांगते.

जपानच्या गिफू प्रांतात इवामुरा नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून 717 मीटर उंचीवर हा गड. उंच झाडांमधून दगडी फरसबंदीची वाट वर जाते. वर वाडा नाही, छप्पर नाही. 1873 मध्ये जपान सरकारने जुने किल्ले मोडीत काढले तेव्हा इमारती पाडल्या, चिरे तेवढे राहिले. बालेकिल्ल्यापाशी सहा टप्प्यांची भिंत आहे, आपल्याकडे उतारावरच्या शेताला ताली असतात ना, तशी. एक विहीरही आहे. तिच्यात सापाचं हाड टाकलं की धुकं उठायचं आणि गड शत्रूला दिसेनासा व्हायचा, अशी दंतकथा. म्हणून याला धुक्याचा गड म्हणतात.

पण मला सांगायचंय ते ओत्सुयाबद्दल. ही ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराची आत्या. 1572 च्या सुमारास तिचा नवरा, म्हणजे इथला गडकरी, वारला. मूलबाळ नव्हतं. नोबुनागाने आपला लहान मुलगा दत्तक म्हणून पाठवला, आणि त्याच्या नावाने गडाचा कारभार ओत्सुया पाहू लागली. त्याच वर्षी ताकेदा घराण्याच्या फौजेने वेढा घातला. त्यांचा सेनापती अकियामा याने निरोप धाडला: माझ्याशी लग्न कर, गड दे, माणसांना हात लावणार नाही. तिने होकार दिला. दत्तक मुलाला मात्र ओलीस म्हणून शत्रूच्या मुलखात नेलं.

माहेरच्यांनी तिला फितूर ठरवलं. गडावरच्या बायका-पोरांना काय वाटलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. 1575 मध्ये नोबुनागाच्या फौजेने गड परत वेढला. कित्येक महिने झुंज चालली. जीवदान देऊ असं सांगून दोघांना खाली उतरवलं आणि ठार मारलं, असं सांगतात. सख्ख्या भाच्याने!

इवामुराच्या जुन्या पेठेत आज दारोदारी निळे कापडी पडदे लावलेले दिसतात. आपल्याकडे दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव असतं, ते मी सांगायला नको. तिथे ओत्सुयाची आठवण म्हणून त्या पडद्यांवर घरच्या बाईचं नाव लिहितात.