पाठ झाले, पण पचले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. पण आमची सूनबाई यंदा एम.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या लघुशोधप्रबंधाने सहा महिने आमच्या घरात मुक्काम ठोकला होता. त्यातून मला जे समजले, तेवढेच सांगते.

एम.एड. म्हणजे शिक्षण कसे द्यावे याचे वरचे शिक्षण. त्यात शेवटी एक प्रश्न घ्यायचा, तो प्रत्यक्ष तपासायचा आणि जे आढळेल ते लिहायचे. दोन वर्षे वाचलेले अंगी लागले की नाही, ते इथे दिसते. पण यातही सोपी वाट असते. प्रश्नावली वाटायची, खुणा मोजायच्या आणि दुसऱ्याच्या प्रबंधावर बेतून पाने भरायची. घरात लहान मूल, वर फीचा बोजा. पदवी पदरात पडली म्हणजे झाले, असे आमच्याच घरातले काही जण म्हणाले. सूनबाईने मात्र प्रश्न घेतला तो असा: मुलाला शेकडेवारी येते, म्हणजे नक्की काय येते?

तिच्या पुस्तकात बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाची १९५६ सालची मांडणी आहे. शिकण्याच्या त्याने सहा पायऱ्या सांगितल्या: ज्ञान, आकलन, उपयोजन, पृथक्करण, संयोजन आणि मूल्यमापन. नावे जड आहेत, पण गोष्ट आपल्या चुलीजवळची आहे. पुरणपोळीची कृती तोंडपाठ असणे ही पहिली पायरी. पुरण सैल झाले तर ते कशाने झाले, हे ओळखणे बरीच वरची. परीक्षेत मार्क बहुतेक पहिल्या पायरीला मिळतात आणि संसारात काम पडते ते वरच्या पायऱ्यांशी.

मग आराखडा सुरू झाला. मला वाटले, आधी धडा तयार करील. पण तिने आधी ठरवले की शेवटी मुलाला काय करता आले पाहिजे. मग ते आले हे ओळखायचे कशावरून, आणि सर्वांत शेवटी धडा. मी म्हटले, "हे तर शिवणकामासारखेच झाले. आधी माप, मग कात्री."

आपल्या पिशोरच्या बाजूला अद्रकाचे पीक घरोघरचे. तिने आळीतली सहावी-सातवीची बारा मुले आमच्या अंगणात जमवली. एक किलो अद्रक सोलून उन्हात घातले आणि रोज तराजूत तोलले. वाळून सुंठ झाली तेव्हा दोनशे ग्रॅम भरली. म्हणजे आठशे ग्रॅम घट, शेकडा ऐंशी. बारापैकी नऊ मुलांनी हे बरोबर सांगितले. आम्ही सगळे खूश झालो.

पण तिच्या आराखड्यात आणखी एक पायरी होती: तोच हिशेब नव्या वस्तूवर. अर्धा किलो ओल्या लाल मिरच्या वाळवल्या, त्या दीडशे ग्रॅम राहिल्या. घट साडेतीनशे ग्रॅमची. पाचशेतून साडेतीनशे गेले, म्हणजे शेकडा सत्तर. नवातल्या पाचच मुलांना ते जमले. बाकीच्या चौघांनी पस्तीस सांगितले.

सूनबाई दोन दिवस गप्प होती. प्रबंधात नऊ लिहायचे की पाच? मिरचीचा भाग वगळला असता तर विचारणारे कोणी नव्हते. नवाचा आकडा शोभूनही दिसला असता. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकबाईंनी एवढेच विचारले, "त्या चौघांना तुम्ही विचारलेत का, पस्तीस कसे काढले?"

तिने विचारले, तेव्हा उलगडा झाला. अद्रक हजार ग्रॅम होते, म्हणून घटीला दहाने भागले की उत्तर येत होते. मुलांनी तेवढेच धरून ठेवले होते: दहाने भागायचे! मिरचीलाही त्यांनी दहाने भागले. म्हणजे पुस्तकाऐवजी अंगणात शिकवले, तरी पाठांतर तिथेही शिरलेच. भगिनींनो, मला तर हा शोध नवाच्या आकड्याहून मोलाचा वाटतो. सूनबाईने पाचच लिहिले, आणि ते का, हेही लिहिले. मग आराखडा बदलला: प्रत्येक मुलाने घरून वेगळी वस्तू, वेगळ्या वजनाची आणायची, आणि उत्तराबरोबर "कसे काढले" हे दुसऱ्या मुलाला समजावून सांगायचे.

शाळा अंगणात आणणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९७५ साली सरकारने बालविकासाची योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. या बायांनी आधी मूल पाहिले, मग शिकवणे बेतले.

आता आपल्यापुरते बोलते. शेकडा हा शब्द आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. महिना शेकडा दोन व्याज म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस. कागदावर सही करण्याआधी हे आपल्यातल्या प्रत्येकीला मांडता आले पाहिजे. लेकीला मार्क पडले, पण हे मांडता आले नाही, तर ते मार्क तिच्या काय कामाचे?

म्हणून माझी एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घरातला तराजू, माप आणि किराण्याची यादी हाती द्या. उत्तर बरोबर आले तरी तिथेच थांबू नका. "कसे काढलेस?" एवढे विचारा. त्या प्रश्नाला सातवीहून जास्त शिक्षण लागत नाही.