गव्हाणीतील आपला बैल



गव्हाणीच्या मूर्ती परगावाहूनच आणाव्या, असा कित्येकांचा समज आहे. परंतु प्रत्येक देश नाताळास आपल्या हातचे काही अर्पितो. आइसलंडात लोककथेतील ग्रीला राक्षसिणीच्या तेरा पुत्रांच्या मूर्ती घडवितात. असीसीच्या संत फ्रान्सिसाने १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाण मांडिली, तेव्हा जिवंत बैल व गाढव उभे केले. शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतात बैल नाही. आपला धनी ओळखणारा तो बैल यशया संदेष्ट्याच्या वचनातून आला. मग तान्ह्या पोळ्यास भंडाऱ्याची मुले ओढितात तो लाकडी बैल बाळ येशूपाशी परका कसा? सुताराघरी वाढलेल्या प्रभूस सुताराची कृती प्रियच असणार. यंदा तो गव्हाणीत ठेवा, आणि सुतारास त्याची मजुरी पुरती द्या. आमेन.