मोठ्या इस्पितळाला भिऊ नका
(साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)



दिवसभर वाडीत, शेतावर, होडीवर राबून तुम्ही इथे आला आहात. म्हणून मी फार वेळ घेणार नाही. आज मी मोठ्या इस्पितळाविषयी बोलणार आहे. जिथे रोग्यांना बरे करतात आणि त्याच जागी नवे डॉक्टरही शिकून तयार होतात, अशा इस्पितळाविषयी.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या आळीत एक केळीवाले काका आहेत. त्यांच्या पायात काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. पाय सुजला. बोट काळे पडू लागले. काकांना मधुमेह होता, पण ते कोणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि सांगितले, "मुंबईला मोठ्या इस्पितळात जा. आजच जा."

काका चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, लोक म्हणतात तिथे शिकाऊ पोरं गरिबाच्या अंगावर हात साफ करून घेतात. जाऊ का नको?"

मी हेडमास्तर. चार बुके शिकलेला. आणि मी काय म्हणालो? "आठ दिवस पाला बांधून बघा. मग ठरवू."

आठाचे पंधरा दिवस झाले. अंगात ताप भरला, तेव्हा काकांना नेले. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथले डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस आधी आला असता, तर एका बोटावर भागले असते."

काकांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्यांच्या कुबडीचा आवाज आला की माझी मान खाली जाते. म्हणून आज मी बोलतो आहे.

ही मोठी इस्पितळे कशी उभी राहिली, ते ऐका. मुंबईत परळला के. ई. एम. इस्पितळ आहे. ते 1926 साली सुरू झाले. त्याला लागूनच सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आहे. मुंबईत त्याआधी एक सरकारी मेडिकल कॉलेज होते. ते 1845 सालचे. पण तेव्हा राज्य इंग्रजांचे. तिथल्या शिकवण्याच्या मोठ्या जागा बहुतेक गोऱ्यांना मिळत. आपला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला मागे बसावे लागे. हे लोकांना खुपले. सेठ गोरधनदासांच्या पैशातून नवे कॉलेज काढायचे ठरले, तेव्हा अट घातली गेली की इथे शिकवणारे सगळे आपल्याच देशाचे असावेत. पहिले प्रमुख झाले डॉक्टर जीवराज मेहता. ते स्वातंत्र्याच्या चळवळीतले. पुढे 1960 साली गुजरात राज्याचे ते पहिले मुख्यमंत्री झाले.

म्हणजे पाहा, हे इस्पितळ आपल्या लोकांच्या मानासाठी उभे राहिले. ते मुंबई महानगरपालिका चालवते. पण दारात कोणी तुमचे गाव विचारून परत पाठवत नाही. आपल्या वसई-विरारचे लोक तिथे जातात. जव्हार-मोखाड्याचे जातात. परराज्यांतलेही येतात.

आता शिकाऊ पोरांची गोष्ट. अर्नाळ्याच्या कोळीबांधवांना मी विचारतो, तुमचा मुलगा होडी चालवायला कसा शिकतो? पहिल्या दिवशी त्याच्या हाती सुकाणू देता का? नाही. आधी तो होडीतले पाणी उपसतो. मग दोर ओढतो. मग जाळे टाकतो. शांत पाण्यात तांडेल जवळ बसून त्याच्या हाती सुकाणू देतो. लाट उठली की तांडेल स्वतः सुकाणू धरतो. बरोबर ना?

इस्पितळातही तसेच आहे. विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो. तो रोग्याला प्रश्न विचारतो, नाडी पाहतो, लिहून घेतो. नंतर एक वर्ष इतरांच्या हाताखाली काम करतो. मग तो डॉक्टर होतो. त्याच्या वर निवासी डॉक्टर. ते डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन पुढचे शिकत असतात. रात्री-अपरात्री तेच धावून येतात. त्यांच्या वर शिकवणारे डॉक्टर, आणि सगळ्यांच्या वर युनिटचे प्रमुख. तेच आपले तांडेल. सकाळी प्रमुख फेरीला येतात, तेव्हा खाटेभोवती आठ-दहा जण उभे राहतात. माणूस घाबरतो. वाटते, माझे काही खरे नाही. पण घाबरू नका. एका डॉक्टरच्या नजरेतून सुटले, ते दुसऱ्याला दिसते. चूक झाली तर प्रमुख तिथल्या तिथे कान उपटतात.

आणि एक विचारतो. आपल्या नाक्यावरचे डॉक्टर कुठे शिकले? तेही कोणा रोग्याच्या खाटेशीच शिकले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, तिथे प्रयोग करतात, त्याचे काय?" खरे आहे, नव्या गोष्टी तिथे होतात. 1968 साली के. ई. एम. मध्ये डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्याला बसवले. भारतात हे पहिल्यानेच झाले. तो रोगी जगला नाही. पण तिथून वाट सुरू झाली. आज आपल्या देशात असे हृदय बसवलेली माणसे हिंडत-फिरत आहेत. मात्र लक्षात ठेवा. आज नव्या औषधाचा प्रयोग करायचा असेल, तर तो प्रयोग आहे असे रोग्याला सांगावेच लागते. त्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्याला 'नको' म्हणता येते. नको म्हटले म्हणून नेहमीचे औषध बंद करता येत नाही.

तिथे सगळे गोड आहे, असे मी म्हणत नाही. गर्दी फार. रांग मोठी. कधी खाट मिळत नाही, जमिनीवर गादी टाकतात. तिथले लोक दमलेले असतात. एखादा वसकन अंगावर येतो. ते सोसावे लागते. पण जखम चिघळवण्यापेक्षा रांग बरी.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली. साध्या दुखण्याला एकदम मुंबई गाठू नका. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. तिथून चिठ्ठी मिळाली, तर मात्र एक दिवसही दवडू नका. जिवावरचे दुखणे असेल तर 108 नंबर फिरवा. गाडी येते, पैसे पडत नाहीत.

दुसरी. विरारहून मुंबईला 1867 सालापासून आगगाडी आहे. परळला जायचे तर दादरला किंवा प्रभादेवीला उतरा. प्रभादेवी म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड. सकाळी लवकर निघा. केस पेपर सकाळी निघतात.

तिसरी. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने कागद, चालू औषधे, सगळे एका पिशवीत घालून न्या. पैशाची अडचण असेल तर लाजू नका. समाजसेवा विभाग कुठे आहे, ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिचीही चौकशी करा.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि ती तुमच्या वर्गाची आहे. काकांचा पाय कापण्याआधी काकींपुढे कागद आला. त्यांनी अंगठा उठवला. मला म्हणाल्या, "भाऊ, कोणीतरी वाचून दाखवले. पण माझे चित्त ठिकाणावर नव्हते. कशावर अंगठा लावला, ते मला अजून ठाऊक नाही."

मंडळी, त्या कागदावर लिहिलेले असते, कोणते ऑपरेशन, त्यात धोका काय. तो कागद आपला आहे. आपल्याला कळेल अशा भाषेत विचारण्याचा आपला हक्क आहे. "डॉक्टरसाहेब, हे कशासाठी? दुसरा उपाय आहे का? नाही केले तर काय होईल?" हे तीन प्रश्न पाठ करा. मग सही करा.

त्या काकी आज या वर्गात पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी काकांचा केस पेपर घरी आणून मोठ्याने वाचला. औषधाची वेळ त्यांनी स्वतः वाचली. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

उद्या तुमच्याकडे कोणी चिठ्ठी घेऊन येईल. विचारील, "जाऊ का नको?" तेव्हा माझ्यासारखे 'आठ दिवस बघू' म्हणू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर स्टेशनवर जा.

एवढे बोलून मी माझे भाषण पुरे करतो.