वर्गणीची वही



मी सातवी शिकलेली बाई. निवडणुकीतल्या पैशावर चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंनी गळ घातली म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या वर्गणीच्या वहीत ११ रुपये देणारीचेही नाव लिहितात. मग कोटी रुपये देणाराचे का नसावे? २०१८ साली सरकारने निवडणूक रोखे काढले. स्टेट बँकेतून हजारापासून कोटीपर्यंतचे रोखे घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. रोख्यावर नाव नाही. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून जास्त देऊ नये, हे कंपन्यांवरचे बंधनही २०१७ मध्ये काढून टाकले होते. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देऊ शके! आमच्या घरी तोटा असताना आम्ही कुणाला देणगी दिल्याचे मला तरी आठवत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावे बाहेर आली.

दुखणे तसे जुनेच. माझी लेक वकिली शिकते, तिने सांगितले. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने पक्षांना देणगी देण्याची मुभा मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी कायद्याला धरून ती दिली. पण हा धोका वाढत गेला तर लोकशाही गुदमरेल, असेही बजावले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद झाल्या, १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

आता घरचेच सांगते. मागे एका निवडणुकीआधी आपल्या आळीत मोठे हळदीकुंकू झाले. वाण म्हणून स्टीलचा डबा. खर्च कुणाचा, हे कुणी विचारले नाही, मीही नाही. पुढे पावसाळ्यात गटाराचे पाणी घरात शिरले. तक्रार घेऊन जायला मी शेजारणींना हाका मारल्या, तर एक म्हणाली, "वहिनी, डबा घेतलाय ना आपण? आता कुठल्या तोंडाने जायचं?" मला उत्तर सुचले नाही. दोन दिवस आम्ही पाणी उपसत बसलो. डबा अजून घरात आहे, तांदूळ भरलेला.

तेव्हा माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या वाणाला पैसे कुणी दिले, ते आधी वहीत लिहावे आणि कुंकू लावण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवावे. वही मी बरोबर आणली आहे. माझे २१ रुपये पहिल्या ओळीवर लिहून ठेवले आहेत.